तानबाची शेवटची हर्रास

तानबा थूलची पोरगी लंडनला बॅरिस्टर आहे, हे निंबखेड्यात सगळ्यांना माहीत होतं. बॅरिस्टर म्हणून ती नेमकं काय करते हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यात खुद्द तानबाही आला. सोळा वर्षं तो 'मोठ्या मोठ्या केसा असतात तिच्या' एवढ्यावर लोकांना वाटेला लावत होता. खुनाच्या? नाही. फारकतीच्या? नाही. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणाच्या? त्याही नाही. मग उरलं काय, असा चेहरा करून लोक उठायचे. मनातून तानबालाही तेच वाटायचं.

त्यांच्या वस्तीत बॅरिस्टर हा शब्द साधा नाही. भिंतीवरच्या फोटोकडे नजर गेल्याशिवाय तो कुणाच्या तोंडून निघत नाही. म्हणून कुणी खोदून विचारत नव्हतं इतकंच.

यंदा मात्र गाठ पडली. निंबखेडा म्हणजे सिंदी रेल्वेला उतरून समुद्रपूरच्या एस.टी.त बसलं की पाऊण तासावरचं गाव. गावाला कापसाचा बाजार, आणि बाजारात पाच व्यापारी. लिलावाला इकडे हर्रास म्हणतात. ती हर्रास बोलण्याचं काम एकतीस वर्षं तानबाकडे होतं, आणि येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. व्यापाऱ्यांनी सत्काराची पत्रिका छापली. प्रमुख पाहुण्या बॅ. हर्षा थूल. त्यांनी आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलावं, अशी विनंती. रविवारी हर्षा घरी येऊन पोचली आणि तानबाने ठरवलं, गावाच्या आधी आपल्याला कळलंच पाहिजे.

मंदाबाईने, म्हणजे हर्षाच्या आईने, तुरीच्या शेंगा उकडून परातीत ओतल्या होत्या. बापलेक अंगणात उन्हाला सोलत बसले.

"आता सांग," तानबा म्हणाला, "तू करते काय?"

"तीन कामं, बाबा. सरकारनं अधिकार नसताना काही ठरवलं तं ते रद्द कराले लावते. युरोपातल्या देशायनं मिळून जे कायदे केले, त्यायच्या केसा चालवते. आन् तिसरं, धंदेवाले एकमेकायशी खरी स्पर्धा करतात का आपसात मिळून राह्यले, ते पाह्यते."

"टोप घालते का तो? केसायचा?"

"आहे एक डब्यात. माह्या कोर्टात बहुतेक नाई घालत."

तानबा हिरमुसला. टोपाचं त्याने चार लोकांना सांगून ठेवलं होतं. पण पुढचं ऐकून तो खुलला. बॅरिस्टर व्हायला नुसती परीक्षा पुरत नाही, हर्षाने सांगितलं. वकिलांची जुनी संस्था असते, तिच्या मोठ्या दालनात ठरल्या वेळा जेवायला बसावं लागतं. कुणी कुठे बसायचं, कोण उठेपर्यंत उठायचं नाही, सगळं ठरलेलं.

"म्हणजे मानाची पंगत!" तानबाने गुडघ्यावर थाप मारली. "हे तं मले समजलं. आन् ते इंग्लंड युरोपातून निघालं म्हणत होते, ते काय? देश उठून कुठं जाते?"

"देश तिथंच आहे. पंगत सोडली त्यायनं. मंग लंडनच्या वकिलाले त्या युरोपच्या कोर्टात उभं राह्यता येईना. मी डब्लिनले जाऊन तिथं नाव नोंदवलं. आता आयर्लंडची बी वकील आहे."

एक दार लागलं तर ही दुसऱ्या दाराने आत गेली, हे तानबाला फार आवडलं. तो शेंगा सोलायचं विसरून हसत बसला.

"आता तुमची बारी," हर्षा म्हणाली. "तुमी काय करता?"

"माहं काम सारं गाव पाह्यते."

"मी कुठं पाह्यलं?"

खरंच होतं ते. तिला बाजारात कधी नेलंच नव्हतं. आधी गावची शाळा, मग वर्ध्याचं वसतिगृह, मग नागपूर, मग विमान. तानबाला एकदम वाईट वाटलं. सोमवारी तो तिला सोबत घेऊन गेला.

हर्षा काट्याजवळच्या बाकावर बसली आणि अकरापासून दोनपर्यंत तिथून हलली नाही. फोनही काढला नाही. तानबा एकेका टेम्पोच्या डाल्यावर, म्हणजे मागच्या हौद्यावर, चढत होता. कोपर बुडेपर्यंत हात खुपसून आतली मूठ काढत होता, कारण वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. दोन अंगठ्यांत धागा ओढून दाखवायचा आणि मग आवाज लावायचा. तो आवाज पलीकडच्या शाळेत ऐकू जाई आणि मास्तर त्यावर मधल्या सुट्टीची वेळ लावत, असं गावात म्हणतात.

हिंगणीच्या सुलोचनाबाईंचाही टेम्पो होता. वीस वर्षं त्या इथेच माल आणत होत्या. बोलायला फटकळ बाई. भाव सुटला तेव्हा म्हणाल्या, "काऊन गा तानबा, एवढा मोठा आवाज तुहा, आन् माह्या मालाचा भाव काऊन चढत नाई त्यानं?"

तानबा हसला. दरवर्षी त्या हेच म्हणत आणि दरवर्षी तो हसत असे.

परतताना हर्षाने एकच प्रश्न विचारला. "बाबा, हर्रास उघडताना तुमी दर वेळी एका माणसाकडं तोंड करता. कोणाकडं, ते कसं ठरते?"

तानबा रस्त्यातच थांबला. एकतीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि पोरीने तीन तासांत धरलं.

"तो मान आहे," तो म्हणाला. "माहे उस्ताद रामाजी, त्यायनं शिकवलं. ज्याच्याकडं पाहून उघडशील, त्याच्याकडंच पाहून बंद करजो. पाच व्यापारी, बारीबारीनं प्रत्येकाले मान. पोळ्याले तोरणाखालून मानाची जोडी पहिले जाते, तवा दुसरा आपली जोडी दामटते का? तसंच हे. चांगल्या मालाची बारी अलग, हलक्या मालाची अलग."

"आन् हे लिहून कोण ठेवते?"

"कोणीच नाई. त्या पाचायले तं याद बी राह्यत नाई. सारं माह्या डोक्यात."

एक गोष्ट त्याने तिला सांगितली नाही, कुणालाच कधी सांगितली नव्हती. त्याचा आजा पोळ्याच्या दिवशी तोरणापासून लांब, बाभळीखाली उभा राहायचा. जवळ यायची सोय नव्हती. त्या आज्याचा नातू रोज अकरा वाजता डाल्यावर चढून पाच शेठांना मान वाटत होता. कुणाला आधी, कुणाला मागून, हे तो ठरवत होता. घरी येऊन हातपाय धुताना तानबाला कधीकधी या एवढ्यानेच भरून यायचं.

"हं," हर्षा म्हणाली.

पुढे काही नाही. त्या 'हं'ने तानबाला दोन दिवस छळलं. पोरगी जेवत होती, आईशी बोलत होती, मैत्रिणींकडे जाऊन आली, पण बाजाराबद्दल चकार शब्द काढत नव्हती. भाषणाच्या कागदावरही काही लिहीत नव्हती. बुधवारी त्याने पुन्हा परात मधे ठेवली.

"तुही एखादी केस सांग. पुरी सांग."

हर्षाने मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. "गालिचे बनवणाऱ्या सहा कंपन्या होत्या. दवाखान्यायची, शाळायची मोठी कामं निघत, तवा साऱ्याच भाव भरत. पण काम बारीबारीनंच भेटे. बाकीचे नावापुरता भाव भरत, हराले. चिठ्ठी नाई, फोन नाई. सहाही मालक महिन्यातून एकदा एका हॉटेलात जेवाले बसत. ज्याच्या ताटापुढं मिठाची डबी, पुढचं काम त्याचं."

"बाप्पा! पकडले कसे मंग?"

"एकानं येऊन सांगितलं. कायदाच तसा आहे. जो पहिला येऊन कबूल करते, त्याले दंड माफ. दुसऱ्याले नाई. म्हणून एकाले जरी भेव वाटलं, तं तो पळत येते."

"आन् तू कोणाकडून होती?"

"दवाखान्यायकडून. त्यायले वर्षानुवर्षं महागात पडलं होतं."

तानबाने एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले. मग दुसऱ्या शेंगेला हात घालता घालता म्हणाला, "ते मीठ कोण ठेवे?"

"वेटर. म्हातारा होता. कोणाच्या पुढं ठेवायची, ते त्याच्याच ध्यानात राहे. तो कोर्टात म्हणे, मले वाटलं मोठ्या लोकायची काही रीत असंल."

अंगणात कोंबडी परातीजवळ आली तरी कुणी तिला हाकललं नाही.

"तू मलेच सांगून राह्यली का हे?" तानबाने विचारलं.

"आपल्या साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नसते, बाबा. आमच्यात ते चालत नाई."

"मी तुहा साक्षीदार नोहो, बाप आहो!" तानबा उठला, सगळी टरफलं अंगणभर झाली. "तुही ती मिठाची डबी आन् माहा मान एक आहे का? इमानदारीत जन्म गेला माहा. कोणाचा चहा बी फुकट पेलो नाई त्या बाजारात!"

"ते मले मालूम आहे," हर्षा खाली बघत म्हणाली. "तुमीच पाहा. मी काही म्हणत नाई."

त्या रात्री तानबा रागात झोपला आणि गुरुवारी रागातच डाल्यावर चढला. पाहायचंच आहे ना, तर पाहू. त्याने पहिल्यांदाच कापसावरून नजर काढून माणसांवर ठेवली. पहिला टेम्पो, मान ओळीतल्या तिसऱ्या खुर्चीवरच्या व्यापाऱ्याचा. त्याने तिकडे तोंड करून भाव उघडला. बाकीच्या चौघांतून दोघे पाच-पाच रुपयांनी बोलले, मग एकाने खोकला काढला, एकाने चष्मा पुसायला घेतला. तिसऱ्या खुर्चीला माल सुटला. दुसरा टेम्पो, चौथी खुर्ची. पुन्हा तोच खोकला. ज्याला तो इतकी वर्षं अदब समजत होता, ते एवढंच होतं. आणि आणखी एक गोष्ट दिसली. पाचांतला एकही जण कापसाकडे बघत नव्हता. सगळे तानबाच्या तोंडाकडे बघत होते. आपल्या आवाजाची इज्जत करतात म्हणून बघतात, असं त्याला वाटत आलं होतं.

दुपारी तो भैयाजींच्या गादीवर गेला. भैयाजी पाचांतले सगळ्यात वडील, हा सत्काराचा घाट त्यांचाच. हर्षाला लंडनची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा सगळ्यांच्या आधी वस्तीत येऊन, खाटेवर बसून, मंदाबाईच्या हातचा चहा पिऊन गेलेला हा माणूस. तानबाने त्यांना आडवळण न घेता विचारलं.

"भैयाजी, हर्रासीतली बारी, तो मान आहे का भाव पाडाची तरकीब?"

भैयाजींनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. खरंखुरं नवल, त्यात नाटक नव्हतं.

"तुले अजून मालूम नाई?"

तानबा गादीच्या कडेला टेकला.

"अरे, आम्हाले वाटे इतक्या सालात तुह्या ध्यानात आलं असंल. रामाजीनं तुहं नाव सुचवलं ना, तवाच म्हणाला होता. पोरगा इमानदार आहे, त्याले मान म्हणून सांगा, जन्मभर चुकणार नाई. बाकी काही सांगू नका. आन् कास्तकार बी मानते त्याले, त्याच्यावर कोणी शक घेणार नाई." भैयाजींनी पाण्याचा गिलास पुढे सरकवला. "मनाले नको लावून घेऊ. माह्याच बापाच्या जमान्यापासून चालू आहे. तुही काही गलती नाई यात. उद्या शाल घे, फोटो काढ, मस्त आराम कर."

वाटेत तानबाला रडू आलं. रामाजींच्या पायाला हात लावल्याशिवाय त्याने कधी हंगाम सुरू केला नव्हता. गलती नाही म्हणे. त्याला लबाड म्हणून निवडलं असतं तर निदान त्याला कळलं तरी असतं. त्यांना लबाडाचा उपयोगच नव्हता. त्यांना इमानदार माणूस हवा होता आणि तो त्यांनी शोधून ठेवला. घरी हर्षा दारात उभी होती. त्याने होकाराची मान हलवली आणि तो हातपाय धुवायला गेला. मंदाबाईने दोघांना जेवायला वाढलं.

शुक्रवारी बाजारात मांडव होता. शाल, नारळ, भैयाजींचं भाषण. 'निंबखेड्याच्या बाजाराची इमानदारी म्हणजे तानबा' असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मग हर्षा उठली. "मी काय काम करते, हे बाबांना सांगायला मला तीन दिवस लागले. तुम्हाला दहा मिनिटांत सांगणं जमणार नाही. बाबाच कधीतरी सांगतील," एवढं बोलून ती खाली बसली. लोक हसले. बॅरिस्टर बाई फार कमी बोलल्या, असं मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी भैयाजींनी जाहीर केलं, आजची पहिली हर्रास तानबाच्या आवाजात, शेवटची. सुलोचनाबाईंचा टेम्पो पुढे लागला. माल उत्तम होता, पांढराशुभ्र, कोरडा. तानबाने हात खुपसून मूठ काढली, धागा ओढून दाखवला. चांगल्या मालाची बारी भैयाजींची होती, हे त्याच्या डोक्यात आपोआप आलं. एकतीस वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते? भैयाजी खुर्चीत आरामात मागे टेकले होते.

तानबाने अंगावरची शाल काढून डाल्यावर ठेवली. मग तो वळला. पाच खुर्च्यांकडे पाठ आणि शेतकऱ्यांकडे तोंड, असा उभा राहिला. त्या बाजूने हा बाजार त्याने कधी पाहिलाच नव्हता. डोक्याला फडकी बांधलेली माणसं, पिशव्या पोटाशी धरलेल्या बाया, टेम्पोच्या चाकाला टेकलेले म्हातारे, सगळे वर त्याच्याकडे बघत होते.

"सात हजार!"

मागून काहीच आलं नाही.

"सात हजार!"

खुर्ची करकरली. कुणीतरी हळूच म्हणालं, "तानबा, इकडं पाह्य ना." तो वळला नाही. पुन्हा गप्प. माल असाच पडून राहतो की काय, असं तानबाला वाटलं. मग अगदी कडेच्या खुर्चीतून, जिच्या वाट्याला बारी असूनही नेहमी उरलासुरला माल यायचा तिथून, आवाज आला. "सात हजार वीस."

"साठ," दुसरा म्हणाला.

"शंभर!"

"दीडशे."

क्विंटलला सात हजार दोनशेला हा माल एरवी सुटला असता. तानबाने दोनशे म्हटलं आणि थांबला, सवयीने. मागून कुणी खोकलं नाही. "अडीचशे" आलं. मग तीनशे. पाचांनाही कळत नव्हतं की बारी कुणाची, आणि विचारायचं कुणाला तर त्याची पाठ होती. साडेसात हजार हा आकडा या हंगामात तानबाच्या तोंडून निघाला नव्हता. तो निघाला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. मांडवातली बोलणी बंद झाली. भाव सात हजार सहाशे चाळीसवर गेला, तिथे अडला.

"एक वार. दोन वार. तीन वार!"

माल कुणी घेतला, हे बघायला त्याला वळावं लागलं. भैयाजी उभे होते. चेहरा लाल, बोट अजून वर.

तानबा पुन्हा शेतकऱ्यांकडे वळला. बोलताना त्याला धाप लागत होती. "एकतीस साल मी तिकडं तोंड करून उभा राह्यलो. कोणाची बारी हे माहं तोंड पाहून त्यायले समजे. मी त्याले मान समजलो. तो मान नोहता, तुमचा भाव पाडत होतो मी." त्याने हर्षाकडे पाहिलं. "माही पोरगी सांगते, जो पहिला येऊन कबूल करते त्याले माफी असते. मी पहिला आलो."

हर्षा जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. तोंडात उत्तर घालायचं नाही म्हणजे नाही.

सुलोचनाबाई टेम्पोजवळून पुढे आल्या. डाल्याच्या कडेला हात ठेवून त्यांनी वर पाहिलं.

"माफी?" त्या म्हणाल्या. "वीस साल तुले विचारलं मी, भाव काऊन चढत नाई. वीस साल तू हसला. माफीचं मंग पाहू." त्यांनी त्याची शाल उचलून त्याच्या हातात दिली. "उद्यापासून सुट्टी होती ना तुही? नाई भेटत. माही दुसरी गाडी उद्या येऊन राह्यली. उद्या बी ये, आन् असाच उभा राह्य."

तानबाने शालीची घडी घातली, ती काखेत धरली आणि विचारलं, "गाडी किती वाजता येते?"